मेलफर्डच्या देवळाची भिंत



आपल्या देवळाच्या जयंतीच्या दिवशीं दूरदेशच्या देवळाची कथा कां सांगावी, असा प्रश्न आपणांस पडेल. परंतु तें देऊळ गांवकऱ्यांनींच बांधलें, आणि आपलीं नांवें त्यांनीं ज्या हेतूनें भिंतीवर घातलीं तो हेतु आपल्या नित्य परिचयाचा आहे. म्हणून तें आम्हीं निवडलें.

इंग्लंडच्या पूर्वेस सफोक परगण्यांत लाँग मेलफर्ड हें गांव आहे. पंधराव्या शतकांत तेथील लोक लोकरीच्या कापडाच्या धंद्यावर श्रीमंत झाले, व त्याच पैशांतून पवित्र त्रैक्याच्या नांवाचें हें देऊळ उभें राहिलें. त्यांचा पुढारी जॉन क्लॉप्टन. १४६२ सालीं राजद्रोहाच्या आरोपावरून तो पकडला गेला. त्याच्यासोबतच्या इतरांचीं मस्तकें उडालीं, हा मात्र वांचला. १४९७ सालीं तो वारला. वेदीच्या उत्तरेस त्याची कबर आहे. पवित्र सप्ताहांत तीच ख्रिस्ताची कबर म्हणून सजवीत, आणि तिच्या कमानीच्या आंतल्या बाजूस पुनरुत्थित प्रभूचें चित्र अजून दिसतें.

सफोकांत बांधकामाजोगा चांगला दगड नाहीं. सांपडते ती गारगोटी. कारागिरांनीं ती फोडून तिची काळी, चकचकीत बाजू दर्शनीं ठेवली व बाहेरून आणलेल्या फिकट दगडाशीं तिची जोड घालून नक्षी साधली. याच रीतीनें भिंतींच्या माथ्याशीं अक्षरांच्या ओळी फिरविल्या आहेत. अमक्याच्या, त्याच्या पत्नीच्या व मुलांच्या आत्म्यांसाठीं प्रार्थना करा, असा त्यांतील मजकूर. पूर्वेकडील पवित्र मरियेच्या कपेलावर १४९६ हें सालही आहे. दात्यांना नांवाचा मोह नव्हताच असें आम्हीं म्हणणार नाहीं. परंतु नांव घालून त्यांनीं मागितली ती प्रार्थनाच.

सुमारे पन्नास वर्षांनीं ती मागणी सरकारदरबारीं अमान्य ठरली. १५४७ च्या कायद्यानें मृतांच्या मिस्सांसाठीं ठेवलेल्या देणग्या सरकारजमा झाल्या, मूर्ति फोडल्या गेल्या. त्या वेळीं रॉजर मार्टिन नांवाचा या गांवचा गृहस्थ विशीचा होता. जुन्या धर्मास तो चिकटून राहिला, आणि म्हातारपणीं त्यानें आपल्या लहानपणचें देऊळ लिहून ठेवलें. झावळ्यांच्या रविवारीं पवित्र साक्रामेंताची मिरवणूक देवळाभोंवतीं निघे; बुरजावर उभा राहून एक मुलगा संदेष्ट्याच्या वेषांत राजाच्या आगमनाची घोषणा गाई; मग वरून फुलें व वड्या उधळीत आणि खालीं मुलांची झुंबड उडे. व्याकुळ मातेच्या मूर्तीच्या गालांवरील अश्रूही तो विसरला नव्हता.

सारेंच नष्ट झालें नाहीं. चौदाव्या शतकांतील अलाबास्टरचा एक फलक अठराव्या शतकांत देवळाच्या फरशीखालीं सांपडला. त्यावर तिघे ज्ञानी राजे बाळ येशूस नमन करीत आहेत आणि मातेच्या पलंगाखालून गुरें डोकावत आहेत.

आज हें देऊळ अँग्लिकन पंथाकडे आहे. भिंतीवरचीं अक्षरें कोणीं काढलीं नाहींत. अंगणांतून तीं वाचतां येतात. मार्टिनच्या कपेलांतील, दोन चोरांमध्यें क्रूसावर टांगलेल्या प्रभूची पाटी मात्र त्याच्या घरीं जीर्ण होऊन पडली होती. आपले वारस ती दुरुस्त करून एके दिवशीं परत जागेवर बसवितील, अशी आशा त्यानें लिहून ठेवली, आणि १६१५ सालीं तो वारला.