उपनगरातील सार्वजनिक हायस्कूल आणि आपली मुले
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आटोपला की व्याख्यात्याने ‘दोन शब्द’ बोलावेत, ही आपल्या स्नेहसंमेलनाची जुनी रीत आहे. ते दोन शब्द पुष्कळदा पंगत खोळंबेपर्यंत लांबतात, हे आम्ही श्रोते म्हणून अनेक वर्षे सोसले आहे. म्हणून विषय एकच घेतो. आज सत्कार झालेल्या मुलांच्या यादीत काही नावे अमेरिकेतील हायस्कुलांतून आलेली होती. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचे कोणी ना कोणी आज तिकडे आहे. नातवंडांच्या शाळेविषयी आपण दूरध्वनीवर ऐकतो आणि ऐकलेले आपल्या मापाने मोजतो. ते माप त्या शाळेला लागू पडते काय, एवढेच आम्हांस आज पाहावयाचे आहे.

प्रथम शब्दाचा घोटाळा दूर करू. ‘पब्लिक स्कूल’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डेहराडूनची शाळा येते, कारण तो शब्द आपण इंग्रजांकडून घेतला आणि इंग्लंडात तो ईटन, हॅरो अशा भारी फीच्या शाळांना लावतात. अमेरिकेत त्याचा अर्थ अगदी उलट आहे. करदात्यांच्या पैशावर चाललेली आणि गावातील प्रत्येक मुलास विनामूल्य खुली असलेली, ती तेथील पब्लिक स्कूल. असे पहिले हायस्कूल बोस्टन येथे १८२१ साली निघाले. प्राथमिक शिक्षणाला कर देऊ, पण हायस्कूलसाठी का द्यावा, असा वाद मिशिगन राज्यातील कॅलमझू गावच्या काही करदात्यांनी न्यायालयात नेला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८७४ साली निकाल त्यांच्या विरुद्ध दिला. पुढे हार्वर्ड विद्यापीठाचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट ह्यांनी देशातील अनेक हायस्कुले हिंडून पाहिली आणि १९५९ साली ग्रंथ लिहून ह्या संस्थेची बाजू घेतली. भावी डॉक्टर आणि भावी मोटार-कारागीर ह्यांनी एकाच छपराखाली शिकावे, गणित ज्याने त्याने आपापल्या कुवतीचे घ्यावे, पण काही वेळ तरी सर्वांनी एकत्र बसावे, असे त्यांचे म्हणणे होते.

विनामूल्य, असे आम्ही आताच म्हटले. ह्या शब्दावर थोडे थांबले पाहिजे. शाळेचा बराच खर्च गावाच्या घरपट्टीतून निघतो आणि प्रवेश मिळतो तो त्या हद्दीत राहणाऱ्यालाच. त्यामुळे चांगल्या शाळेच्या हद्दीतील घरे महाग होतात. फी शाळेच्या खिडकीवर भरावी लागत नाही, ती घराच्या किमतीत आधीच भरलेली असते. न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली, शाळा अशा रीतीने घरपट्टीवर सोपविणे राज्यघटनेला धरून नाही, असा निर्णय दिला. गरिबांना परवडणारी घरे बांधूच न देणारे गावांचे नियम १९७५ साली त्याच न्यायालयाने अवैध ठरविले. तरीही राजधानी ट्रेंटनमधील मूल आणि थोड्याच मैलांवरच्या उपनगरातील मूल हे एकाच बाकावर बसत नाहीत. जन्मावरून पडणारी विभागणी आपणांस परिचयाची आहे. तेथे ती पत्त्यावरून पडते. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावर उभे राहून आम्ही हे बोलत आहो, ह्याची आम्हांस जाणीव आहे.

असो. आता शाळेच्या आत जाऊ.

इयत्ता नववी ते बारावी अशी चार वर्षे. आपल्या माणसाला पहिल्यांदा चमत्कारिक वाटते ते हे, की तेथे तुकडी नाही. आपल्याकडे मुले बाकावर बसून राहतात आणि मास्तर येतात-जातात. तेथे मास्तर आपल्या खोलीत असतात आणि घंटा झाली की शेकडो मुले दप्तरे सावरीत एका खोलीतून दुसरीत जातात. गणिताला शेजारी बसणारा मुलगा इतिहासाला दिसेलच असे नाही. प्रत्येकाचे वेळापत्रक निराळे असते, कारण विषय प्रत्येकाने निवडलेले असतात.

पण ही निवड मोकाट नाही. न्यू जर्सीत उत्तीर्ण होण्यास किमान १२० क्रेडिटे लागतात. इंग्रजी चारही वर्षे, गणित आणि विज्ञान प्रत्येकी तीन वर्षे. ह्यात नवल काही नाही. नवल पुढे आहे. चित्र, संगीत, नृत्य किंवा नाट्य ह्यांपैकी कशाचा तरी एक वर्षाचा अभ्यास केल्यावाचून पदविका मिळत नाही, आणि व्यायाम व आरोग्य हा विषय तर प्रत्येक वर्षी घ्यावाच लागतो. परीक्षा जवळ आली की पी.टी.चा तास गणिताच्या मास्तरांना देऊन टाकावयाचा, ही आपल्याकडील सोय तेथे नाही. (ज्यांनी असे तास घेतले, ते मास्तर आज ह्या सभागृहातही असतील. त्यांनी ते आमच्याच हितासाठी घेतले, हेही खरे.)

दुपारी वर्ग सुटतात, पण शाळा सुटत नाही. आमच्या मते ह्या संस्थेचा खरा प्राण तेथून पुढे दिसू लागतो. शरद, हिवाळा आणि वसंत असे खेळांचे तीन हंगाम. पानगळीत फुटबॉल, थंडीत बास्केटबॉल आणि पोहणे, वसंतात बेसबॉल आणि टेनिस. १९७२ च्या कायद्याने शिक्षणात मुलगा-मुलगी हा भेद करण्यास बंदी झाली, तेव्हापासून मुलींची पथके झपाट्याने वाढली. वाद्यवृंद आहे, गायनवृंद आहे. शाळा सुरू होण्यापूर्वीच, ऑगस्टच्या उन्हात, संचलनाच्या बँडचा सराव चालू होतो. वसंतात संगीत नाटक बसते. त्याचे पडदे रंगविणारी, दिवे लावणारी, वेशभूषा शिवणारी सारी मुलेच. वादविवाद, यंत्रमानव, बुद्धिबळ, शाळेचे वृत्तपत्र, ह्यांची मंडळे असतात. देखरेखीला एखादे शिक्षक असतात आणि अनेक ठिकाणी त्यांना त्याचा वेगळा मेहनताना मिळतो. आपल्या शाळांतील गॅदरिंग वर्षातून एकदा येते. येथे ते बारा महिने चालू आहे म्हणा ना!

ह्यातील मोठी गोष्ट अशी की वर्गात मागे असलेल्या मुलाला ह्या शाळेत दुसरे दार आहे. बीजगणितात अडखळणारा मुलगा रंगमंचावरच्या दिव्यांचा मुख्य होतो आणि वर्गात पहिली येणारी मुलगी त्याच्या इशाऱ्याची वाट पाहते. कोनंट ह्यांना जे एकत्र बसणे अभिप्रेत होते, ते वर्गापेक्षा येथे अधिक साधते.

ते साधावे कसे, हा मात्र प्रश्न झाला आहे. तेथील अनेक महाविद्यालयांना जो सामायिक अर्ज जातो, त्यात अभ्यासेतर उपक्रमांसाठी दहा जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला दीडशे अक्षरे. ह्या दहा जागांनी फार घात केला आहे. मूल व्हायोलिन वाजविते ते दहातील एक जागा भरण्यासाठी. समाजसेवा करते ती दुसरी भरण्यासाठी. सायन्स ऑलिंपियाडच्या एका संघात पंधराच मुले घेतात, तेव्हा सोळाव्याच्या घरी सुतक पडते. जे दार गुणांवाचून उघडत होते, त्यालाही आता गुणपत्रिका दाखवावी लागते.

हे आपल्या लोकांनी तेथे नेले, असे कोणी म्हणेल तर ते अर्धेच खरे आहे. श्रीमंत उपनगरांतील पालकांना नामांकित महाविद्यालयांचा ध्यास लागला आहे, ही गोष्ट कोनंट ह्यांनीच १९६१ सालच्या पुढील ग्रंथात नोंदविली होती, आणि आपली माणसे मोठ्या संख्येने तिकडे जाऊ लागली ती १९६५ च्या कायद्यानंतर. परंतु शिष्यवृत्ती परीक्षा, बोर्डाची परीक्षा, प्रवेशपरीक्षा अशा चाळण्यांतून निघून जे तेथवर पोहोचले, त्यांना चाळणीवाचून शाळा असते हेच पटत नाही. त्यात त्यांचा दोष तरी काय? चाळणीनेच त्यांना तेथे पोहोचविले.

ह्याचा स्फोट न्यू जर्सीतच झाला. प्रिन्स्टनला लागून वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरो ही दोन गावे आहेत. पूर्वी शेतीची, पुढे न्यूयॉर्क-फिलाडेल्फिया आगगाडीच्या सोयीमुळे नोकरदारांनी भरली. त्यांच्या संयुक्त शाळाखात्याची दोन हायस्कुले आहेत, एक १९७३ चे आणि दुसरे १९९७ चे. खात्यातील आशियाई वंशाच्या मुलांचे प्रमाण २००७ साली ४४ टक्के होते, ते २०१५ पर्यंत ६५ टक्क्यांवर गेले. त्यांत भारतीय आणि चिनी कुटुंबे पुष्कळ. ऑक्टोबर २०१५ मध्ये तेथील शाळाधिकारी डेव्हिड ॲडरहोल्ड ह्यांनी पालकांना सोळा पानांचे पत्र लिहिले. आदल्या शालेय वर्षात १२० विद्यार्थ्यांना मानसिक तपासणीसाठी पाठवावे लागले होते आणि चाळिसांना रुग्णालयात ठेवावे लागले होते. एका खात्यातील, एका वर्षातील, हे आकडे आहेत.

पत्रामागोमाग बदल आले. हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद झाल्या. काही रात्री गृहपाठ द्यावयाचा नाही, असे ठरले. चौथी-पाचवीतील प्रगत गणिताचा वर्ग मोडीत निघाला. त्यात दहातील नऊ मुले आशियाई होती. लगेच पालकांत फळी पडली. दर्जा घसरविला, आमच्या मुलांच्या कष्टाला शिक्षा दिली, असे अनेक आशियाई पालक म्हणाले. मुलांना श्वास घेऊ द्या, असे बरेच गोरे पालक म्हणाले. फळी अगदी वंशावरून पडली असे मात्र नव्हे, कारण बदलांच्या बाजूनेही काही आशियाई पालक उभे राहिले.

आम्हांस विचाराल तर त्या गणिताच्या वर्गाविषयी आमचे मन अजून निश्चित झालेले नाही. ज्या मुलाला गणितच आवडते, त्याने काय करावे? परीक्षा काढून टाकल्याने ईर्ष्या जाते, असेही आम्हांस वाटत नाही. ती शिकवणीच्या वर्गांकडे वळते. मे महिन्यातील ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटच्या परीक्षा तर शाळेच्या हातातच नाहीत.

त्या बदलांत एक बाब मात्र आम्हांस निःसंशय आवडली. शाळेच्या संगीतविभागात मुलांना शिरणे सोपे करण्यात आले, आणि त्या योजनेला नाव देण्यात आले ते ‘किंचाळण्याचा हक्क’ अशा अर्थाचे. नवशिक्याच्या हातातील क्लॅरिनेट किंचाळतोच. त्याला ते किंचाळू द्यावे, तेही इतरांच्या बरोबर बसून, एवढाच त्याचा भाव.

आता आपल्या संस्थेविषयी थोडे. आपल्या पारितोषिकाच्या अर्जाला गुणपत्रिकेची प्रत जोडावी लागते. बोर्डाने गुणवत्ता यादी जाहीर करणे सोडले त्याला बरीच वर्षे लोटली, पण आपली यादी चालूच आहे. ती बंद करा असे आम्ही म्हणत नाही. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोचले, त्या घराला त्या शालीचे मोल आहे. खेळ-कलांसाठी आणखी एक पारितोषिक ठेवावे, अशीही एक सूचना आली आहे. आमचा तिला विरोध आहे. पारितोषिक ठेवले की अर्ज आला, अर्ज आला की अकरावी जागा तयार झाली.

त्याऐवजी कार्यकारी मंडळाने पुढील वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत, सत्कारापूर्वी, अर्धा तास मोकळा ठेवावा. ज्या मुलाला जे येते ते त्याने येऊन करावे. चाचणी नाही, क्रमांक नाही, प्रमाणपत्र नाही. गातांना सूर गेला तर जावो. परदेशातून सुटीत आलेल्या मुलांनाही त्यात घ्यावे. आजी-आजोबांसमोर बसून त्यांनी आपले क्लॅरिनेट किंचाळू द्यावे. ह्याला खर्च नाही. पेटी-तबला सभागृहात आहेच, ध्वनिक्षेपकाचे भाडे आपण दिवसभराचे देतोच. फक्त व्याख्यात्याच्या भाषणातून अर्धा तास कापावा लागेल, आणि त्यास ह्या वर्षीच्या व्याख्यात्याची आगाऊ संमती आहे.