बायबल, श्रीमंतांचे धन आणि गरिबांचा हक्क
(अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



श्रीमंतांचे धन गोरगरिबांत वाटले जावे, त्यांच्यावर जबर कर बसवावा, असे बायबल सांगते काय, हा आजचा विषय. तो जाहीर झाला तेव्हा काहींनी मला विचारले की, बौद्धांच्या अभ्यासवर्गात हा विषय कशासाठी? त्याचे कारण आधी सांगतो. १९३५ साली येवल्यास धर्मांतराची घोषणा केल्यानंतर नागपूरच्या दीक्षेपर्यंत एकवीस वर्षे पूज्य बाबासाहेबांनी धर्मांची पारख केली. ती डोळे मिटून केली नाही. प्रत्येक धर्माने माणसाला काय दिले आणि काय द्यायचे टाळले, हे त्यांनी तपासले. ती सवय आपण सोडता कामा नये. शिवाय ही गोष्ट आपल्या घरातलीही आहे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील आपली कितीतरी भावंडे एकोणिसाव्या शतकापासून ख्रिस्ती झाली. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचे हक्क त्यांना नाकारले. आपल्यालाही ते नाकारले होते. आपल्याला ते १९९० साली मिळाले, त्यांना मिळाले नाहीत. तेव्हा त्यांच्या हाती जो ग्रंथ आहे त्यात गरिबाचा हक्क किती आणि भीक किती, हे पाहणे आपले काम आहे.

ख्रिस्ती जगात या प्रश्नावर दोन तट आहेत. एक तट म्हणतो, दान हे अंतःकरणाने द्यायचे असते. सरकारने हात घालून काढून घेतले तर ती चोरी होय. दुसरा म्हणतो, देवाने नियमच घालून दिला आहे, तेथे मर्जीचा प्रश्न येतो कोठे? दोघेही एकाच पुस्तकातील ओळी दाखवतात.

मी प्रथम जुना करार उघडतो, कारण कायदा तेथे आहे. शेताची कापणी करताना कडेचे पीक कापू नये, पडलेला सरवा उचलू नये, तो गरिबांसाठी व परक्यांसाठी ठेवावा, अशी लेवीय या पुस्तकात आज्ञा आहे. मराठी बायबलात शब्दही 'सरवा' हाच आहे. आपल्या आयाबायांनी सरवा वेचलेला आहे, तेव्हा या शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु आपल्याकडील सरवा आणि हा सरवा यांत एक भेद आहे. गावात महाराला बलुते मिळत असे ते पाटलाच्या दारात उभे राहून, जोहार घालून. देणाऱ्याची मर्जी फिरली की ते बंद होई. मूसाच्या नियमात मालकाने वाटायचे नाही, त्याने केवळ हात आवरायचा आहे. मवाबातून आलेली रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते ती त्याच नियमाच्या बळावर. लाचारीला येथे जागा कमी आहे. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली विधिमंडळात विधेयक आणले ते कशाविरुद्ध होते, हे आठवले म्हणजे हा भेद किती मोठा आहे ते कळेल.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. दर सातव्या वर्षी कर्ज सोडून द्यावे, असा अनुवाद या पुस्तकात नियम आहे. सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरिबाला कर्ज नाकारू नये, अशी ताकीदही त्यातच आहे. नियम करणारा सावकाराला ओळखून होता असे दिसते! आणि दर पन्नासाव्या वर्षी योबेल. त्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जायची. जमीन देवाची आहे, माणसे तिच्यावर केवळ उपरी आहेत, म्हणून ती कायमची विकता येत नाही, असे कारण दिले आहे. किंमत ठरवायची रीतही सांगितली आहे. पुढील योबेलाला जितकी वर्षे उरली असतील तितक्या पिकांचीच किंमत घ्यायची. म्हणजे विक्री नावाला, प्रत्यक्षात मुदतीचा पट्टा. दोन पिढ्यांहून अधिक काळ कोणा घराण्याला जमीनदार राहता येऊ नये आणि कोणा घराण्याला भूमिहीन राहावे लागू नये, अशी ही योजना आहे. हिला दान म्हणणारा माणूस एक तर वाचत नाही किंवा वाचून लपवतो.

परंतु आपण वकिली करावयास बसलेलो नाही. उलट बाजूचा पुरावाही त्याच पुस्तकात आहे. निर्गमात पवित्रस्थानासाठी दर डोई अर्धा शेकेल द्यायला सांगितला आहे, आणि श्रीमंताने जास्त देऊ नये व गरिबाने कमी देऊ नये असे स्पष्ट बजावले आहे. शमुवेल राजाविरुद्ध लोकांना सावध करतो तेव्हा तो सांगतो की, राजा तुमच्या धान्याचा व कळपांचा दहावा हिस्सा घेईल आणि तुम्ही त्याचे दास व्हाल. करविरोधकांचे हे आवडते प्रकरण आहे. मात्र हा कर गरिबांसाठी नव्हता, तो राजाच्या सरदारांसाठी व चाकरांसाठी होता, एवढे ते सांगत नाहीत. तसेच योबेलातही भेदाची भिंत आहे. तटबंदीच्या नगरातील घर वर्षभरात सोडवून घेतले नाही तर ते कायमचे गेले. आणि इस्राएली भावाला सुटका असली तरी परराष्ट्रीयांतून विकत घेतलेला दास मुलाबाळांना वारसा म्हणून द्यावा, असे लेवीयाच्या त्याच पंचविसाव्या अध्यायात आहे. ज्याला वर्णव्यवस्थेने परका ठरवले त्या समाजाने हा भाग दोनदा वाचावा.

आता खरा प्रश्न. एवढा नियम होता, तर तो पाळला गेला काय? योबेल राष्ट्राने पाळल्याची नोंद बायबलात कोठेही नाही. यिर्मयाच्या पुस्तकात एक हकीकत आहे. यरुशलेमाला वेढा पडला असता सिद्कीया राजाच्या काळी धन्यांनी करार करून दासदासी मुक्त केल्या. पुढे संकट टळलेसे वाटताच त्यांनी त्याच माणसांना पुन्हा दास केले. कर्जमुक्तीचेही तेच झाले. सातवे वर्ष जवळ आले की कोणी गरिबाला उसने देईना. तेव्हा हिल्लेल नावाच्या थोर यहुदी आचार्याने एक लेख रूढ केला, त्याला प्रोझबुल म्हणतात. धनको आपले येणे न्यायसभेच्या स्वाधीन करी. मग ते सातव्या वर्षी बुडत नसे. हेतू गरिबाला कर्ज मिळावे हाच होता. परिणाम असा झाला की कर्जमुक्तीचा नियम पुस्तकात राहिला आणि वसुली चालू राहिली. १९६१ सालच्या आपल्या जमीन कमाल धारणा कायद्यातून सुटण्यासाठी कागदोपत्री वाटण्या कशा झाल्या, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. दादासाहेब गायकवाडांना १९६४ साली भूमिहीनांना घेऊन देशभर तुरुंग भरावे लागले ते उगीच नव्हे.

सबंध बायबलात संपत्ती खरोखर परत केल्याचा एक प्रसंग मला ठळक दिसतो, तो नहेम्याचा. लोक ओरडत होते की, राजाचा सारा भरण्यासाठी आम्ही शेते व द्राक्षमळे गहाण टाकले, आता मुलीबाळी दास होत आहेत. नहेम्याने सरदारांना व अधिकाऱ्यांना दोष दिला, मोठी सभा बोलावली, शेते, मळे, घरे व व्याज परत करावयास लावले आणि याजकांसमोर त्यांना शपथा घालायला लावल्या. स्वतः सुभेदार म्हणून मिळणारा भत्ताही त्याने घेतला नाही. हे का घडले? नहेम्या धर्मनिष्ठ होता हे खरे. पण तो सुभेदारही होता. त्याच्या पाठीशी सत्ता होती आणि समोर संतप्त लोक उभे होते. आमोस व यशया यांच्या वाणीत त्याच्याहून अधिक आग होती, परंतु त्यांच्या हाती अधिकार नव्हता.

नव्या कराराविषयी थोडक्यात सांगतो. येशूने श्रीमंत तरुणाला सर्व विकून गरिबांना द्यावयास सांगितले आणि तो खिन्न होऊन निघून गेला. त्याला कोणी अडवले नाही. जक्कय या जकातदाराने अर्धे धन गरिबांना दिले व लुबाडलेले चौपट परत केले, पण ते आपखुशीने. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीत सर्व काही समाईक होते, तरी हनन्याला पेत्र म्हणतो की, शेत विकण्यापूर्वी तुझेच होते. त्याचे पाप हिस्सा दडवून खोटे बोलण्यात होते. पौल तर समानता हा शब्द वापरून वर्गणी मागतो, पण ती वर्गणीच राहते. हे लोक रोमन साम्राज्यात सत्ताहीन होते. कर कोणावर बसवावा हे ठरवणे त्यांच्या हाती नव्हतेच. कैसराचे कैसराला द्या, यातून आजच्या प्राप्तिकराचा दर काढू पाहणारे दोन्ही तट मला सारखेच हास्यास्पद वाटतात.

हे सर्व प्राचीन झाले. अलीकडे एका राज्यात हा प्रश्न थेट मतपेटीत टाकला गेला. ते राज्य म्हणजे अमेरिकेतील अलाबामा. माँटगोमेरीच्या निग्रो बांधवांनी १९५५ साली बसगाड्यांवर बहिष्कार घातला तेच हे राज्य. आपल्या व त्यांच्या दुःखातील साम्य ओळखून बाबासाहेबांनी १९४६ साली डु बॉइस यांना पत्र लिहिले होते. तेथील १९०१ सालची राज्यघटना गोऱ्यांचे वर्चस्व स्थापण्याच्या उघड हेतूने लिहिली गेली. जमिनीवरील कराला तिने मर्यादा घातली, आणि निग्रो मुलांच्या शाळांसाठी गोऱ्या जमीनदारांनी पैसा देऊ नये हे त्यामागील एक कारण होते. परिणामी शंभर वर्षांनंतरही चौघांचे कुटुंब वर्षाला ४,६०० डॉलर मिळवू लागले की त्याला प्राप्तिकर लागू होई. पीठ, दूध यांवरही विक्रीकर होता. उलट राज्याची सुमारे ७० टक्के भूमी व्यापणाऱ्या लाकडाच्या जंगलांवर एकरी डॉलरच्या आसपास कर पडे.

सुझन पेस हॅमिल या करकायद्याच्या प्राध्यापिकेने २००२ साली एक दीर्घ निबंध लिहिला आणि बायबलच्याच आधारे ही करपद्धती पापमय ठरवली. त्याच वर्षी बॉब रायली हे कराला आयुष्यभर विरोध करणारे रिपब्लिकन, बाप्टिस्ट गृहस्थ गव्हर्नर म्हणून निवडून आले. त्यांनी गरिबांचा कर उतरवून धनिकांचा व जंगलमालकांचा कर वाढवणारी सुमारे १२० कोटी डॉलरची योजना मांडली आणि ख्रिस्ती कर्तव्य म्हणून तिचा पुरस्कार केला. राज्यातील ख्रिश्चन कोअॅलिशन या संघटनेने तिला विरोध केला, आणि त्याच संघटनेच्या राष्ट्रीय शाखेने पाठिंबा दिला! ९ सप्टेंबर २००३ रोजी सार्वमत झाले. अमेरिकेतील अतिशय बायबलनिष्ठ अशा त्या राज्यात सुमारे ६७ टक्के मते विरोधात पडली. ज्यांचा बोजा हलका होणार होता अशांपैकीही पुष्कळांनी नको म्हटले. सरकारवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि सरकारने पूर्वी त्यांना विश्वास ठेवण्याचे कारणही दिले नव्हते. पुढे २००६ साली विधिमंडळाने प्राप्तिकराची ती मर्यादा १२,६०० डॉलरवर नेली. धान्यावरील राज्याचा ४ टक्के विक्रीकर ३ टक्क्यांवर यायला २०२३ साल उजाडले.

तेव्हा बायबल संपत्तीच्या फेरवाटपाच्या बाजूने आहे काय, याला माझे उत्तर होय असे आहे, आणि सौम्य शब्दांत नव्हे. त्यात हक्क आहे. परंतु त्या हक्काला अंमलदार नाही. योबेल न पाळणाऱ्या जमीनदाराला कोणत्या न्यायालयात खेचायचे, हे पुस्तक सांगत नाही. ते देवाच्या कोपावर सोपवते.

आपण बौद्ध आहोत म्हणून येथे छाती फुगवू नये. कूटदंत सुत्तात पुरोहित राजाला सांगतो की, चोऱ्या थांबवायच्या तर फाशी व दंड उपयोगी नाहीत. शेतकऱ्याला बी व चारा द्यावा, व्यापाऱ्याला भांडवल, चाकराला वेतन. चक्कवत्ति सीहनाद सुत्तात निर्धनांना धन न दिल्यामुळे दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र व हत्या, अशी साखळीच दाखवली आहे. कारणमीमांसेत हे लेवीयाच्या पुढे आहे, असे माझे मत आहे. पण राजाने ऐकले नाही तर काय, याचे उत्तर येथेही राजाच्या शहाणपणावरच अवलंबून आहे. गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेवर बाबासाहेबांनी कठोर टीका केली ती याच कारणाने. धनिकाच्या अंतःकरणावर त्यांनी कधी गरिबाचा संसार उभा करू दिला नाही.

म्हणून मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे त्यांनी जे निवेदन तयार केले त्यात शेती राज्याच्या मालकीची असावी, ती जातधर्म न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक रीतीने कसावयास द्यावी, मूलभूत उद्योग व विमा राज्याने चालवावा, आणि हे दहा वर्षांत घडावे, असे लिहिले. पुढचे कलम अधिक महत्त्वाचे. ही व्यवस्था घटनेतच लिहावी, म्हणजे बदलत्या बहुमताला ती मोडता येणार नाही. संविधान सभेने हे घेतले नाही. संपत्तीचे केंद्रीकरण होऊ नये ही गोष्ट अनुच्छेद ३९ मध्ये आली, पण अनुच्छेद ३७ ने सांगून टाकले की, ही तत्त्वे कोणत्याही न्यायालयाकडून अंमलात आणून घेता येणार नाहीत. पुढे १९५३ साली मृत्युकर आला, तो १९८५ साली गेला. १९५७ साली संपत्तीकर आला, तो २०१५ साली गेला. वसुली थोडी आणि खटाटोप फार, असे दोन्ही वेळा कारण दिले गेले. आपलेही योबेल वर्ष कागदावरच राहिले.

मुंबईतील जुन्या चाळींच्या कायद्यावरून निघालेल्या खटल्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने निर्णय दिला की, अनुच्छेद ३९ मधील समाजाची भौतिक साधने या शब्दांत प्रत्येक खासगी मालमत्ता येत नाही. भिन्न मतही त्यात आहे. पुढील अभ्यासवर्गात आपण तो निर्णय आणि बाबासाहेबांचे १९४७ चे निवेदन शेजारी शेजारी ठेवून वाचणार आहोत. ज्यांना इंग्रजी येते त्यांनी निवेदनातील आर्थिक कलमांचा मराठी सारांश करून आणावा, आणि ख्रिस्ती वस्तीतील ज्या बांधवांना यावयाचे असेल त्यांना अवश्य बरोबर घेऊन यावे.