प्रजासत्ताक आणि लोकशाही
(शाखा कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

दरवर्षी २६ जानेवारीला शेडमध्ये, स्टेशनवर, विभागीय कार्यालयासमोर झेंडावंदन होते, संचलन होते, मिठाई वाटली जाते. नव्याने भरती झालेली मुले आम्हाला विचारतात, “१५ ऑगस्टला झेंडावंदन झाले होते, मग पुन्हा २६ जानेवारीला कशाला?” आपण उत्तर देतो, “तो स्वातंत्र्यदिन, हा प्रजासत्ताक दिन.” मुलगा चौकस असला तर पुढे विचारतो, “प्रजासत्ताक म्हणजे काय?” आणि आपण म्हणतो, “म्हणजे लोकशाही.” इथे आपली गफलत होते. हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत. दोन्हींचा फरक न कळल्यामुळे देशाचे नुकसान होते आणि आपल्या संघटनेचेही होते. म्हणून आजच्या वर्गासाठी आम्ही हा विषय घेतला आहे.

आपण काही राज्यशास्त्राचे पंडित नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेली, रेल्वेत उमेद घालवलेली माणसे आहोत. परंतु संविधान पंडितांसाठी लिहिलेले नाही. त्याची सुरुवातच ‘आम्ही भारताचे लोक’ अशी आहे. त्यात गँगमन आहे, पॉईंट्समन आहे आणि सफाई कामगारही आहे.

उद्देशिकेत ‘लोकशाही गणराज्य’ असे दोन शब्द शेजारीशेजारी आहेत. गणराज्य म्हणजेच आपण बोलताना ज्याला प्रजासत्ताक म्हणतो ते. एका शब्दाने काम भागले असते तर घटनाकारांनी दोन शब्द वापरले नसते. १३ डिसेंबर १९४६ रोजी पंडित नेहरूंनी घटना समितीत उद्दिष्टांचा ठराव मांडला, तेव्हा त्यात ‘गणराज्य’ होते, ‘लोकशाही’ हा शब्द नव्हता. गणराज्य म्हटले की त्यात लोकशाही आलीच, वेगळा शब्द कशाला, असा खुलासा त्यांनी केला होता. परंतु उद्देशिका तयार झाली तेव्हा तीत दोन्ही शब्द आले. हे योग्यच झाले. त्याचे कारण आता पाहू.

सोप्या भाषेत सांगायचे तर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला प्रश्न, राज्य कोणाच्या मालकीचे? दुसरा प्रश्न, कारभार कोणाच्या मताने चालणार? राज्य कोणा राजाचे, घराण्याचे किंवा कंपनीचे नाही, ते सर्वांचे आहे आणि सर्वोच्च पद जन्माने मिळत नाही, हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर असेल तर ते प्रजासत्ताक. कारभार लोकांनी मत देऊन निवडलेल्या आणि लोकांना बदलता येणाऱ्या माणसांच्या हातून चालतो, हे दुसऱ्याचे उत्तर असेल तर ती लोकशाही.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी आपण स्वतंत्र झालो, पण प्रजासत्ताक झालो नव्हतो. २६ जानेवारी १९५० पर्यंत भारत हे ब्रिटिश राजमुकुटाखालचे डोमिनियन होते. राजा सहावा जॉर्ज हा कागदोपत्री आपलाही राजा होता. त्याच्या नावाने आधी माउंटबॅटन आणि जून १९४८ पासून चक्रवर्ती राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल होते. २६ जानेवारीला हे पद संपले आणि डॉ. राजेंद्र प्रसाद निवडलेले राष्ट्रपती झाले.

आता हीच गोष्ट आपल्या रेल्वेत पाहा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती जीआयपी कंपनीची. तिचे भागधारक विलायतेत. १९२५ मध्ये ती सरकारने आपल्या ताब्यात घेतली, पण ते सरकारही विलायतेचेच. निजामाची रेल्वे निजामाची, शिंद्यांची रेल्वे शिंद्यांची, बडोद्याची गायकवाडांची. संविधान अमलात आल्यानंतर ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जीआयपी, निजाम स्टेट, सिंदिया स्टेट आणि धोलपूर या रेल्वे एकत्र करून मध्य रेल्वे उभी राहिली. राजाची रेल्वे आणि कंपनीची रेल्वे जाऊन लोकांची रेल्वे झाली. प्रजासत्ताक म्हणजे काय हे मुलांना समजावून सांगायचे असेल तर याहून चांगले उदाहरण आम्हाला सापडत नाही. आपले काही सभासद आज भुसावळला, काही इटारसीला, काही सिकंदराबादला नोकरी करतात. त्या रुळांचा मालक आज कोणी राजा नाही, आणि संस्थानिकांचे तनखेही १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने बंद झाले.

साथींनो, एक असले म्हणजे दुसरे आपोआप असतेच असे नाही. इंग्लंडमध्ये राजा आहे. जपानमध्ये सम्राट आहे. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क येथे राजघराणी आहेत. ही प्रजासत्ताके नाहीत, पण तिथे लोकशाही आहे. निवडणुकीत हरलेले सरकार निमूटपणे घरी जाते आणि कामगारांच्या संघटनांना मान आहे.

याच्या उलट दक्षिण आफ्रिका पाहा. ३१ मे १९६१ रोजी तो देश प्रजासत्ताक झाला. इंग्लंडच्या राणीचे नाव गेले, राष्ट्राध्यक्ष आला. परंतु प्रजासत्ताक व्हावे की नाही हे ठरवणारे सार्वमत १९६० मध्ये फक्त गोऱ्यांनी दिले होते. ज्यांच्या श्रमावर सोन्याच्या खाणी चालत होत्या त्या काळ्या कामगाराला मत नव्हते, आणि १९७९ पर्यंत त्याच्या संघटनेला कायद्याची मान्यताही नव्हती. त्याला मत मिळाले ते २७ एप्रिल १९९४ रोजी. म्हणजे तेहतीस वर्षे तिथे प्रजासत्ताक होते, लोकशाही नव्हती. आपला शेजारी पाकिस्तान १९५६ मध्ये प्रजासत्ताक झाला आणि १९५८ मध्ये तिथे लष्करी कायदा आला. नाव मात्र प्रजासत्ताकच राहिले.

आपल्याकडे काही जण अभिमानाने सांगतात की वैशालीला लिच्छवींचे गणराज्य होते, शाक्यांचे होते, मल्लांचे होते. ते खरे आहे. तिथे एकच राजा नव्हता, सभा भरत असे, चर्चा होत असे. परंतु त्या सभेत बसत कोण होते? क्षत्रिय कुळांचे प्रमुख. शेतात राबणाऱ्या दासांना आणि कर्मकरांना तिथे जागा नव्हती. कर्मकर म्हणजे आजच्या भाषेत कामगार. तेव्हा त्या गणराज्याचा अभिमान जरूर बाळगा, पण आपले पूर्वज त्या सभागृहाच्या आत नव्हते, बाहेर होते, हे विसरू नका.

ही उणीव १९५० च्या संविधानाने भरून काढली. इंग्रजांच्या काळात जमीनमहसूल, कर किंवा शिक्षण यांची अट पुरी करणाऱ्यालाच मत होते. बहुसंख्य लोक यादीबाहेर होते. संविधानाच्या ३२६ व्या कलमाने प्रत्येक सज्ञान स्त्री-पुरुषाला मत दिले. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत १७ कोटींवर मतदार होते. पाचांपैकी चौघांना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी ठेवली होती. अमेरिकेत स्त्रियांना देशभर मताचा हक्क १९२० मध्ये मिळाला आणि दक्षिणेतल्या काळ्या माणसाला तो प्रत्यक्षात बजावता यावा म्हणून १९६५ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. आपल्याकडे शेतमजूर बाई आणि कारखानदार पहिल्याच दिवशी एका रांगेत उभे राहिले.

तरीही २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील अखेरच्या मोठ्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इशारा दिला. राजकारणात आपण प्रत्येकाला एक मत आणि त्या मताला सारखे मूल्य देणार आहोत, पण सामाजिक व आर्थिक जीवनात माणसाला सारखे मूल्य नाकारणार आहोत. ही विसंगती लवकर दूर केली नाही तर विषमता सोसणारे लोक हा सारा डोलारा उलथून टाकतील, असा त्याचा आशय होता. राजकारणातली भक्ती आणि विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हेही त्यांनी त्याच भाषणात बजावले.

तो इशारा किती खरा होता हे आपल्या आधीच्या पिढीने पाहिले. मे १९७४ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला. ८ मे रोजी सुरू झालेला संप २७ मे रोजी मागे घ्यावा लागला. हजारोंना अटक झाली, अनेकांना चौकशीशिवाय कामावरून काढले, कुटुंबांना क्वार्टरमधून बाहेर काढले. पुढच्याच वर्षी २५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली. त्या काळात राष्ट्रपती होते, संसद होती, २६ जानेवारीचे संचलनही झाले. प्रजासत्ताक कागदावर जसेच्या तसे होते. परंतु वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, विरोधी नेते तुरुंगात होते, लोकसभेची मुदत वाढवली गेली. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले की अटकेत ठेवलेल्या माणसाला दाद मागता येणार नाही. एकट्या न्यायमूर्ती खन्नांनी वेगळे मत दिले. मार्च १९७७ मध्ये लोकांनी मत देऊन सरकार बदलले, आणि काढून टाकलेल्या रेल्वे कामगारांना परत घेतले गेले. लोकशाही काय कामाची, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या परत आलेल्या कुटुंबांना आठवावे.

आता प्रजासत्ताक या शब्दाचा दुसरा, जास्त खोल अर्थ सांगतो. लॅटिन भाषेत ‘रेस पब्लिका’ म्हणजे सार्वजनिक गोष्ट. सत्ता सार्वजनिक असेल तर ती राजाच्या मालकीची नाही, हे झालेच. पण ती बहुमताच्याही मालकीची नाही. एक्कावन्न जणांनी हात वर केले म्हणून एकोणपन्नास जणांचे घर लुटता येत नाही. बहुमताने सरकार बनते, पण सरकार कायद्याच्या आत चालते. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संसदेला घटना दुरुस्त करता येईल, पण तिची मूळ चौकट मोडता येणार नाही. निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींनी त्या चौकटीत जी तत्त्वे मोजली त्यांत गणराज्यही आहे आणि लोकशाहीही आहे.

म्हणजे लोकशाही विचारते, “बहुमत कोणाचे?” प्रजासत्ताक विचारते, “बहुमत मिळाले, पण नियम पाळलात का? जे हरले त्यांचा हक्क शाबूत आहे का?” दोन्ही प्रश्न विचारणारे लोक हवेत.

साथींनो, देशाबद्दल एवढे बोलून थांबलो तर हा वर्ग अर्धवट राहील. हीच दोन मापे आपण आपल्या संघटनेला लावू या.

पहिले माप लोकशाहीचे. रेल्वेत संघटनेच्या मान्यतेसाठी गुप्त मतदान प्रथम २००७ मध्ये झाले, नंतर २०१३ मध्ये आणि त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये. म्हणजे शेवटच्या खेपेला अकरा वर्षे गेली. मधल्या काळात भरती झालेल्या मुलाला आपला प्रतिनिधी निवडायची संधीच मिळाली नाही. शाखेची वार्षिक सभा वेळेवर होते का? गणपूर्ती खरी असते, की सह्या घरोघर फिरून गोळा होतात? आणि कंत्राटदाराकडे डबे धुणारा कामगार ज्या मतदार यादीत नाही, त्याच्यासाठी आपली दारे उघडी आहेत का? दास आणि कर्मकर सभेबाहेर, ही गोष्ट वैशालीबरोबर संपली असे समजू नका.

दुसरे माप प्रजासत्ताकाचे. संघटनेचे पावतीपुस्तक, खाते, कार्यालयाची किल्ली ही सभासदांची मालमत्ता आहे, सेक्रेटरीची नाही. सेक्रेटरीचे पद बापाकडून मुलाकडे जात नाही. बहुमताच्या बळावर लहान विभागाची मागणी गाळता येत नाही. समजा, शाखेत सातशे सभासद आहेत आणि त्यांत महिला ट्रॅक मेंटेनर पंचवीसच आहेत. सेक्शनवर संडास आणि कपडे बदलायला खोली हवी ही त्यांची मागणी मताला टाकायची गोष्ट नाही. तो हक्क आहे. विरोधी पॅनेलमधल्या सभासदावर आरोपपत्र आले तर त्याची बाजू त्याच तडफेने मांडायची, कारण वर्गणी त्यानेही दिली आहे.

आणि एक सवय सोडा. अर्ज लिहिताना, बोलताना आपल्या तोंडी अजून ‘मायबाप सरकार’ येते. मायबाप म्हटले की आपण लेकरे झालो, आणि लेकरू हट्ट करते, हिशेब मागत नाही. प्रजासत्ताकात साहेबही लोकांच्या पगारावर काम करतो आणि आपणही. अदबीने बोला, पण ताठ मानेने बोला. आणि प्रवासी समोर आला की तोही मालकांपैकी एक आहे हे लक्षात ठेवा.

परत गेल्यावर प्रत्येक शाखेने तीन गोष्टी कराव्यात अशी आमची सूचना आहे. संघटनेची घटना मराठीत, त्याचप्रमाणे तिथल्या सभासदांच्या भाषेत, सूचनाफलकावर लावावी. वर्षाचा जमाखर्च सभेपूर्वी सभासदांच्या हाती द्यावा. आणि येत्या २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर उद्देशिका मोठ्याने वाचावी, आणि ती शाखेतल्या सर्वांत नव्या सभासदाने वाचावी. तो विचारील, “दोन शब्द का?” त्या वेळी त्याला नीट उत्तर द्या.

कामगार एकजुटीचा विजय असो!