गाणं उलटं वाजवलं तेव्हा

(लातूर येथील स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातील संधी' हा विषय दिला होता. मी म्हटलं, संधी आता आपल्या पोरांना. आपण गाण्यांवर बोलू. तेव्हा पुढची दहा मिनिटं जुनी इंग्रजी रॉक गाणी, आणि त्यांत दडलेले किंवा दडलेत असं लोक म्हणतात ते अर्थ. मराठीच्या बाई समोर बसल्यात. बाई, काळजी करू नका, शेवटी एकनाथांकडेच येणार आहे.

१९९७ ला मी नांदेडला इंजिनिअरिंगला गेले. तोवर माझं संगीत म्हणजे 'चित्रहार' आणि गणपतीतला लाउडस्पीकर. होस्टेलवर एका मैत्रिणीचा भाऊ मुंबईहून कॅसेट भरून पाठवायचा. बीटल्स, लेड झेपेलिन, पिंक फ्लॉइड मी तिथे पहिल्यांदा ऐकले. कॅसेटबरोबर दंतकथाही यायच्या.

सगळ्यात गाजलेली दंतकथा बीटल्सच्या 'ॲबी रोड'ची. मुखपृष्ठावर चौघे एका रांगेत रस्ता ओलांडतायत. १९६९ साली अमेरिकेत अफवा उठली की पॉल मॅकार्टनी केव्हाच मेलाय आणि हा जो दिसतो तो तोतया आहे. पानिपतानंतर आपल्याकडे सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला होता. इथे जिवंत माणसालाच तोतया ठरवलं! पुरावा काय, तर पॉल अनवाणी आहे, म्हणजे प्रेत. पांढऱ्या कपड्यातला जॉन म्हणजे धर्मगुरू. मागच्या मोटारीच्या नंबरात '२८ आयएफ' दिसतं, म्हणजे 'जगला असता तर २८ वर्षांचा'. खरं तर पॉल तेव्हा २७ चा होता. आकडा जुळेना, तर काहींनी वय मोजायची पद्धतच बदलली. आमच्या धंद्यात याला 'उत्तर आधी ठरवून गणित सोडवणं' म्हणतात. प्रत्यक्षात त्या दिवशी, ८ ऑगस्टला, लंडनमध्ये ऊन होतं, पॉलने सपाता काढून ठेवल्या होत्या. पोलिसाने रहदारी थांबवली तेवढ्या वेळात छायाचित्रकाराने शिडीवर चढून सहा फोटो काढले आणि त्यातला एक निवडला गेला.

दुसरी दंतकथा लेड झेपेलिनच्या 'स्टेअरवे टू हेवन'ची. हे गाणं उलटं वाजवलं तर सैतानाची स्तुती ऐकू येते म्हणे. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाच्या एका समितीसमोर ते खरोखर उलटं वाजवलं गेलं. आम्ही होस्टेलवाल्या कशाला मागे राहतोय! कॅसेटचे स्क्रू काढले, फीत उलटी बसवली. विहिरीच्या तळातून कुणीतरी बोलावं तसा आवाज आला. कुणालाच काही कळलं नाही. मग एकीने काय ऐकू यायला हवं ते कागदावरून वाचून दाखवलं. पुन्हा वाजवलं, आणि काय सांगू, शब्द न् शब्द ऐकू आला! अंगावर काटा. पुढे कळलं की १९८५ साली कॅनडातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगातून हेच दाखवलं होतं. आधी सांगितलं नाही तर कुणाला काही सापडत नाही; सांगितलं की तेच ऐकू येतं.

मग खरा गुप्त संदेश नसतोच का? असतो. पिंक फ्लॉइडने १९७९ च्या 'द वॉल'मध्ये मुद्दाम एक उलटा संदेश घातला. त्यात काय आहे? संदेश शोधणाऱ्याचं अभिनंदन! शोधणाऱ्यांचीच चेष्टा.

आता नाथांकडे. गॅदरिंगमध्ये आपण विंचवाचं भारूड केलं होतं आणि नाचणाऱ्याला पाहून लोटपोट हसलो होतो. दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात सांगितलं की तो विंचू म्हणजे काम-क्रोध आणि उतारा म्हणजे सत्त्वगुण. हा अर्थ बाईंनी बाहेरून आणला नव्हता. पैठणच्या नाथांनी चारशेहून अधिक वर्षांपूर्वी कुलपाबरोबर किल्लीही त्याच भारुडात ठेवली. नंतर मी जिथे जिथे दडलेला अर्थ ऐकला, तिथे एकच प्रश्न विचारत आले: हा कुणी ठेवलाय, की आपणच ठेवतोय?

पण हा प्रश्न मी एके ठिकाणी विचारला नाही, आणि खरं तर तेच सांगायला आज उभी आहे.

३० सप्टेंबर १९९३. आपण नववीत होतो. विसर्जनाची रात्र, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. पुढचं तुम्हाला सांगायला नको. दिवाळीनंतर किल्लारीकडच्या एका गावातली मुलगी आपल्या वर्गात आली, मामाकडे राहायची. तेव्हा गावभर अर्थ लावणं चाललं होतं. कुणी म्हणे कोप झाला, कुणी म्हणे नवस राहिला, कुणाला कुत्री रडताना ऐकू आली होती. एकदा डबा खाताना मी तिला अगदी समजूतदारपणे म्हटलं, "तुमच्याकडे विसर्जनात काहीतरी चुकलं असेल गं." तिने डबा बंद केला. दहावी संपेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

ती आज इथे आहे. तिला विचारूनच हे सांगतेय. सकाळी चहाच्या वेळी मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तू एकटी नव्हतीस. माझी आजीसुद्धा तेच म्हणायची. मरेपर्यंत तिला वाटत राहिलं की तिच्याच हातून काहीतरी चुकलं."

माणसं मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद असलेल्या घरांत, गाढ झोपेत. कुणाच्या पापाने नाही. त्या कारणावरून निदान पुढची घरं तरी नीट बांधता आली. आम्ही लावलेल्या अर्थाने एका म्हातारीची झोप तेवढी गेली.

पॉलला तोतया ठरवलं, त्याचं फारसं काही बिघडलं नाही. तो पुढे कित्येक वर्षं गात राहिला. पण आजारपण, घटस्फोट, पोराचं नापास होणं, शेतकऱ्याची आत्महत्या, यांच्यातसुद्धा आपण असेच अर्थ शोधतो, आणि तिथे ज्याच्यावर अर्थ लादला जातो तो आपल्या शेजारच्या बाकावर बसलेला असतो.

गाणी जरूर उलटी वाजवा, मजा येते. माणसं मात्र सुलटीच ऐकू या. रात्री भारूड आहे, विंचवाचंच. तिने आणि मी पुढच्या रांगेत जागा धरून ठेवलीय.