परसातलं हरितगृह टिकवायचं कसं?

(कार्यकर्ते आणि हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



कमी खर्चाचं हरितगृह परसात कसं उभारायचं, हे सांगायला मला इथे बोलावलं आहे. ते मी सांगेनच. पण ते पडतं कसं, हे आधी सांगितलं पाहिजे. आमचं पहिलं हरितगृह पडलं आणि त्याखाली एका आजीचं बी गेलं. आपल्या त्रैमासिकात त्या हरितगृहाचा फोटो छापून आला होता. पडल्याची बातमी मात्र आम्ही पाठवली नाही. ती आज देते.

आपल्या जिल्ह्याचं नाव काढलं की लोकांना दुष्काळ आठवतो. अकोले तालुक्याचा पश्चिम भाग मात्र वेगळा आहे. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड यांच्या कुशीतल्या वाड्यांवर पावसाळ्यात आभाळ फाटतं. घाटघरला तर जिल्ह्याची चेरापुंजीच म्हणतात. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या या वाड्या. भात, नागली, वरई ही तिथली पिकं. एवढा पाऊस पडूनही पाणी उतारावरून वाहून जातं आणि फाल्गुन-चैत्रात त्याच वाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन झऱ्यापाशी बसलेल्या दिसतात.

या दोन टोकांच्या मध्ये भाजीपाल्याचा हंगाम बसवावा लागतो. पाऊस उघडल्यावर, दसऱ्याच्या सुमाराला बी टाकलं, तर महिन्याभराने रोप लावायला येतं आणि वांग्या-टोमॅटोला फळ धरेपर्यंत विहीर तळाला जाते. रोपं आधीच तयार असतील तर हा एक महिना हाती लागतो. दिवाळीनंतर मजुरीसाठी नारायणगाव, संगमनेरकडे जाणाऱ्या कुटुंबाला या एका महिन्याचं मोल फार आहे. घरात भाजी असते, बाजारात चार पैसे होतात, एखाद्या घरची आई लेकरांपाशी आणखी काही दिवस राहू शकते.

पण भर पावसात उघड्यावर टाकलेलं बी वाहून जातं, नाहीतर रोप बुडाशी सडून कोलमडतं. म्हणून वर कागदाचं छप्पर हवं. आमच्या वाडीवर त्याला कुणी हरितगृह म्हणत नाही, ‘रोपघर’ म्हणतात. मीही तेच म्हणते.

चार वर्षांपूर्वी आम्ही बचत गटातल्या बारा जणींसाठी पहिलं रोपघर बांधलं. वीस फूट लांब, दहा फूट रुंद. पैसे वाचवायचे म्हणून मी बाजारातला साधा प्लॅस्टिकचा कागद आणला. बांबू त्याच आठवड्यात तोडलेले, ओले. वाडीवर हातभर खणलं की कातळ लागतो, म्हणून खांब जेमतेम फूटभर मुरमात रोवले. दोन दिवसांत काम झालं. फोटो छान आला.

बी कुठून आणायचं? याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना आपण सगळे बीजमाता म्हणून ओळखतो. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गावरान बी घरच्या परसात पिकवून जपायचं आणि दुसऱ्यांना वाटायचं, हे काम त्यांनी बायफ संस्थेच्या साथीने उभं केलं. तो आदर्श समोर ठेवून मी बायकांना म्हणाले, विकतचं बी नको, घरचं काढा. गटातल्या एका आजीने फडक्याची गाठ सोडली. आत मूठभर वांग्याचं बी होतं, त्यांच्या सासूकडून आलेलं. थोडं मागे ठेवायचा त्यांचा विचार होता. मीच म्हणाले, “आजी, सगळं टाका, इथे काही होत नाही.”

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात, रात्री, वारा सुटला आणि वर मुसळधार पाऊस. सकाळी कुणीतरी फोन केला. मी पोचले तेव्हा कागद शेजारच्या भाताच्या खाचरात पडला होता, खांब उपटले होते, दोन बांबू अंगणापर्यंत आले होते. दिवसा तिथे पोरं खेळतात. वाफे धुऊन गेले होते. बोटभर वाढलेलं एकही रोप शिल्लक नव्हतं.

आजी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “ताई, बी मी दिलं. तुमी वाऱ्याला इचारलं व्हतं का?”

खडकावर घर बांधणाऱ्या आणि वाळूवर घर बांधणाऱ्या माणसाच्या दाखल्यावर मी कितीतरी वेळा बोलले आहे. बोलता बोलता मी स्वतः मुरमावर बांधलं. जुन्या करारात अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आणखी एक आज्ञा आहे. नवं घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर तिथून कुणी पडलं तर त्याचा दोष त्या घराला लागेल. म्हणजे बांधून झालं की आपली जबाबदारी संपत नाही. त्या अंगणात पडलेले दोन बांबू पाहून मला ही आज्ञा पहिल्यांदा नीट कळली.

दुसऱ्या वर्षी मी आधी वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसले. ज्यांची घरं याच वाऱ्यात पिढ्यान् पिढ्या उभी आहेत, त्यांना छप्पर बांधायला आम्ही शिकवत होतो! नागलीसाठी राब भाजून रोपं तयार करणाऱ्या बायकांना रोपवाटिका म्हणजे काय हेही आम्ही सांगत होतो. त्यांचं शहाणपण आणि कृषी खात्याच्या माणसांचं मार्गदर्शन, दोन्ही मिळून जे ठरलं ते आता सांगते. लिहून घ्या.

जागा आणि दिशा. पावसाळ्यातला वारा आपल्याकडे नैऋत्य-पश्चिमेकडून येतो. रोपघराची अरुंद बाजू त्या वाऱ्याला द्यायची, म्हणजे लांबी पूर्व-पश्चिम. दार पूर्वेला. पश्चिमेला आठ-दहा फुटांवर शेवरी किंवा निरगुडीचं कुंपण. भिंतीने वारा उसळून वरून आदळतो, झाडांच्या दाटीतून तो गाळून येतो.

बांबू. निदान तीन वर्षांचा पक्का, पाऊस संपल्यावर थंडीत तोडलेला. कोवळ्या बांबूत पिष्ट जास्त, त्याला भुंगा लागतो आणि त्याचं पीठ होतं. तोडल्यावर वीस-पंचवीस दिवस ओढ्याच्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायचा, मग सावलीत वाळवायचा. जमिनीत जाणाऱ्या टोकाला डांबर किंवा गाडीचं जळकं ऑइल लावायचं. खांबाचं वरचं टोक गाठीच्या लगेच वर कापायचं, म्हणजे चिरत नाही. बांबूला खिळा ठोकू नका, तो उभा फुटतो. सांधा तारेने किंवा नायलॉनच्या दोरीने बांधा.

पाया. बाजूची उंची पाच फूट, आढ्याची आठ. दर पाच फुटांवर एक खांब, म्हणजे एका बाजूला पाच. खड्डा दोन फूट हवा. कातळ लागला तर? इथे आजीनेच वाट दाखवली. म्हणाल्या, “पायाला धोंडा बांधा.” खांबाच्या बुडाशी आडवी काठी बांधायची, भोवती दगड ठासायचे आणि वर माती चोपायची. शिवाय चारही कोपऱ्यांच्या बाहेर तीन फुटांवर, मुरूम असेल तिथे, खड्डा करून तारेने गुंडाळलेला मोठा धोंडा पुरायचा आणि ती तार खांबाच्या डोक्याला ताणून बांधायची. वारा घर नुसतं ढकलत नाही, छप्पर वर उचलतोही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. आमचे खांब मोडले नव्हते, उपटले होते, हे लक्षात घ्या.

तिरपे टेकू. पहिल्या वेळी आमच्याकडे उभे आणि आडवे बांबू होते, तिरपा एकही नव्हता. चौकोन हलवला की लवंडतो, त्रिकोण लवंडत नाही. प्रत्येक कोपऱ्यात दोन्ही बाजूंना तिरपा टेकू द्या आणि आढ्याखाली कैची करा. यासाठी चार-पाच बांबू जास्त लागतात. संपूर्ण मजबुतीतला सगळ्यात स्वस्त भाग हाच आहे.

कागद. अतिनील किरणांना टिकणारा, दोनशे मायक्रॉनचा घ्या. साधा कागद एका हंगामात उन्हाने तडकतो. चांगला कागद सांभाळला तर तीन वर्षं जातो. जिथे तो बांबूवर घासतो तिथे सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळा. कागदाची कड बांबूच्या कामठीवर गुंडाळून ती कामठी बाजूच्या आडव्या बांबूला बांधा. कागदाला भोक पाडून दोरी ओवली की तिथूनच तो फाटत जातो. वरून एका बाजूच्या खुंट्यांपासून दुसऱ्या बाजूच्या खुंट्यांपर्यंत नागमोडी दोरी ताणा. कागद ढिला राहिला तर दोन संकटं येतात. वाऱ्यात तो फडफडून फाटतो आणि पावसात खोलगट भागात पाणी साचून छप्पर बसतं.

बाजू. बाजूंना कागद लावू नका, बारीक जाळी लावा. विषाणू आणणारी पांढरी माशी आत येत नाही आणि हवा खेळती राहते. कोंदट हवेत रोपं मरतात. जाळीची खालची कड फूटभर चरात गाडा. पश्चिमेच्या बाजूला गुंडाळून ठेवलेला पडदा असू द्या, वादळात तो सोडायचा. भोवती पाण्याला वाट काढा. आत तीन फूट रुंद, अर्धा फूट उंच गादीवाफे करा. पाणी सकाळी आणि बेताचं द्या. टोमॅटोचं रोप पंचवीस-तीस दिवसांत तयार होतं, मिरची-वांग्याला आणखी आठ-दहा दिवस लागतात. लावणीच्या आधी आठवडाभर पाणी कमी करून रोपांना बाहेरच्या उन्हावाऱ्याची सवय लावा.

बांबू घरचे, मजुरी श्रमदानाची. कागद, जाळी, तार आणि दोरी विकतची. आमचा विकतचा खर्च पाच हजारांच्या आत बसला.

दुसरं रोपघर त्याच जागी उभं राहिलं. सगळ्यांचं बी जमलं, फक्त आजीचं सासूकडचं वांगं नव्हतं. मग त्यांनाच आठवलं, फार पूर्वी माहेरच्या एका भाचीला त्यांनी ते बी दिलं होतं. भाचीकडे निरोप गेला. अर्धी मूठ बी परत आलं. वाटलं होतं म्हणून उरलं! आजीने त्यातलं निम्मं पुन्हा फडक्यात बांधलं आणि मला म्हणाल्या, “या टायमाला समदं न्हाई.” तेव्हापासून गटाचा नियम झाला आहे. घरचं बी कितीही असो, सगळं एका छपराखाली टाकायचं नाही. निम्मं मडक्यात राहील.

त्या रोपघराने आता तीन पावसाळे काढले आहेत. एकदा पश्चिमेची जाळी फाटली, दोन टेकू बदलावे लागले. कागदाचं वय भरलं आहे, तो यंदा बदलायचा आहे. मृग निघायच्या आत बायका स्वतः दोऱ्या आवळतात आणि बुडाचे दगड तपासतात, कुणी सांगावं लागत नाही. वाडीतल्या आणखी तीन परसांत रोपघरं झाली. त्यांतलं एक आम्ही आंब्याच्या सावलीत बांधलं होतं. रोपं उंच, लुकडी झाली. तेही आम्हाला हलवावं लागलं.

हितचिंतकांना माझी एक विनंती आहे. आपल्या जिल्ह्यात फादर बाखर यांच्यासारख्या मिशनऱ्याने पाणलोटाच्या कामात गावाचं श्रमदान पायाशी ठेवलं. लोकांचा घाम ज्यात आहे ते लोक सांभाळतात, हे आपण पाहिलं आहे. पण सांभाळायलाही थोडा पैसा लागतो. उभारणीसाठी देणगी मिळते, कारण तिचा फोटो निघतो. नवी दोरी, बदललेला टेकू, तिसऱ्या वर्षीचा कागद यांचा फोटो कुणी मागत नाही. यापुढे एका रोपघरासाठी देणगी देताना त्यातला चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवू या आणि तो गटाच्याच हाती देऊ या. आणि आम्ही कार्यकर्त्यांनी अहवाल उद्घाटनाच्या दिवशी लिहू नये, तिसरा पावसाळा गेल्यावर लिहावा.

गरिबाच्या परसात आपण काही उभं करतो तेव्हा त्यात त्याचंही काहीतरी पणाला लागलेलं असतं. आपले पाच हजार गेले तर पुन्हा मिळतात. आजीची मूठ गेली तर तिला पर्याय नसतो. आमच्या आजीचं बी भाचीमुळे परत आलं, माझ्यामुळे नव्हे. म्हणून हात जोडून सांगते, बांधण्याआधी वाऱ्याला विचारा आणि त्या वाऱ्यात राहणाऱ्या माणसांना त्याहून आधी विचारा.

प्रभू आपल्या हातांचं काम टिकाऊ करो. सलाम.