चुलीची विद्या



पूर्णेकाठच्या केदारखेड्यात तुमचं मनापासून स्वागत. भोकरदन तालुक्याची मिरची दुपारच्या ठेच्यात भेटेलच. ताक भरपूर ठेवलंय.

गावात भरणारी ही परिषद गृहविज्ञानाची म्हटल्यावर पारावर पहिला प्रश्न आला, "म्हणजे सैपाकाची का?" आता, १८९९ साली अमेरिकेत लेक प्लॅसिडला या विषयाची पहिली परिषद भरवणाऱ्या एलेन रिचर्ड्सबाई रसायनशास्त्राच्या. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पाण्याचे हजारो नमुने तपासलेल्या. घरात येणाऱ्या पाण्याचा जाब विचारणं हेही त्यांच्या लेखी घरकामच.

आपल्याकडची गोष्ट याहून जुनी आणि जास्त गमतीची. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं. बाईनं संसार कसा करावा, याचा त्यात उपदेश. आज वाचताना जुनाट वाटतो. पण त्याच पुस्तकाच्या पैशावर बाई पुढच्या वर्षी विलायतेला गेल्या! परत येऊन १८८९ साली त्यांनी शारदा सदन काढलं. तिथं पहिल्यांदा शिकायला आलेली विधवा गोदूबाई पुढं धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली. कर्व्यांच्या हाती जपानच्या महिला विद्यापीठाची पुस्तिका पडली आणि १९१६ साली त्यांनी आपलं महिला विद्यापीठ उभं केलं. शिक्षण मातृभाषेतून, आणि अभ्यासात गृहजीवनशास्त्र.

इथं मला थोडं टोचतं, ते बोलूनच टाकतो. मुलींना घरकामापुरतंच शिकवा, हे तर पुण्यातल्या हुजूरपागा या मुलींच्या शाळेवर टीका करणारे सनातनीही म्हणत होते. मग सुधारकांनी तोच विषय का घेतला? मला वाटतं, त्या काळी मुलीला घराबाहेर धाडायला बाप ज्या नावाला राजी होईल, ते नाव त्यांनी पाटीवर लिहिलं. आत गेलेली मुलगी काय काय शिकून बाहेर पडेल, हे मात्र बापाच्या हाती राहिलं नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठातलं गृहविज्ञान महाविद्यालय आता सामुदायिक विज्ञानाचं झालंय. पाटी बदलून विषयाची पत वाढते का, यावर तुम्ही दोन दिवस खुशाल भांडा.

जेवायला मात्र वेळेवर या. गावपंगतीची भाजी आमच्याकडं गडीच करतात, भाकरी बायांकडं. आज भाकरीही गड्यांनी थापल्यात, पहिल्यांदाच. कडा जाड निघाल्या तर सांभाळून घ्या.