गॉलमला कुणी मारलं नाही



 बालकुमार साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांनी साहित्याच्या सद्यःस्थितीचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. मी आज एकाच कादंबरीबद्दल बोलणार आहे, तेही मुख्यतः तिच्या शेवटाबद्दल. ती कादंबरी म्हणजे जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’.

सातवीतली एक मुलगी हे पुस्तक परत करायला आली आणि म्हणाली, “बाई, फ्रोडो तर हरला की!” तिचा आवाज रडवेला झाला होता. तिचं म्हणणं अगदी खरं होतं. साऱ्या जगावर सत्ता गाजवू पाहणाऱ्या सॉरॉनची अंगठी ज्वालामुखीत टाकायला हा एवढासा हॉबिट शेकडो मैल पायपीट करतो. अखेर कड्याच्या टोकाशी उभा राहतो, आणि अंगठी टाकायचं नाकारतो. ती माझी आहे म्हणतो, बोटात घालतो. हजारभर पानं ज्याच्यासोबत चाललो तो नायक ऐन वेळी ढासळतो. मग पूर्वी वर्षानुवर्षं ती अंगठी बाळगलेला गॉलम झडप घालतो, फ्रोडोचं बोट दातांनी तोडतो आणि अंगठीसकट खाली आगीत कोसळतो.

हा निव्वळ योगायोग आहे, असं म्हणणारे टीकाकार आहेत. मला ते पटत नाही. त्याच्या थोडंच आधीचा प्रसंग आठवून पाहा. डोंगराच्या उतारावर फ्रोडोचा सोबती सॅम तलवार उपसून गॉलमसमोर उभा आहे. गॉलमने दगा दिलाय, आत्ताच पुन्हा हल्ला केलाय, धुळीत लोळून जीव वाचवायला गयावया करतोय. सॅमचा हात उठतो आणि तसाच थांबतो. कारण थोडा वेळ का होईना, ती अंगठी त्याने स्वतः वागवली आहे. तिचा भार त्याला ठाऊक आहे. वर्षानुवर्षं ती बाळगणाऱ्याचं काय झालं असेल, ते त्याला आता कळतं. कित्येक वर्षांपूर्वी, फ्रोडोच्या आधी अंगठी ज्याच्याकडे होती त्या बिल्बोनेही याच गॉलमला असंच सोडलं होतं. या दोघांपैकी एकाने जरी वार केला असता, तरी अंगठी फ्रोडोच्या बोटातच राहिली असती.

हे लिहिणारा माणूस १९१६ साली सोमच्या लढाईत होता. सिग्नल अधिकारी म्हणून खंदकांत राहिला, ट्रेंच फीव्हरने आजारी पडून मायदेशी परतला. महायुद्ध संपेतो जिवाभावाच्या मित्रांपैकी एकच उरला होता. पुढे ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापकी करत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, त्याने ही कादंबरी लिहिली. ती १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आली. युद्ध असं जवळून पाहिलं म्हणूनच जिंकून घरी परतलेल्या फ्रोडोची वाटेत झालेली जखम बरी होत नाही, दरवर्षी ती झाली त्याच तारखेला ठणकते. हे मला या पुस्तकातलं सगळ्यात खरं वाटतं.

आपल्या मराठीतही अद्भुताची वाण नाही. हळबे यांची ‘मुक्तामाला’ ही कादंबरी १८६१ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. आजीच्या गोष्टीतला राक्षस तर त्याहून कितीतरी जुना. पण या संमेलनाच्या निमित्ताने माझ्याकडे आलेल्या हस्तलिखितांत राक्षस शेवटच्या पानावर मरतो, नगारे वाजतात आणि नायकाच्या अंगावर ओरखडाही नसतो. ही पानं वाचताना मला फार वाईट वाटलं, कारण लिहिणाऱ्यांच्या हातात ताकद आहे. आपली मुलं याहून जास्त पेलू शकतात. ती सातवीतली मुलगी पेलतच होती.

तिला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. शेवटचं प्रकरण पुन्हा वाच, एवढंच म्हटलं. आठवड्याने ती आली ती सॅमच्या पेटीबद्दल बोलत. वाटेत त्यांना आसरा देणाऱ्या गॅलाड्रिएलने दिलेली ती लहानशी लाकडी पेटी. आत करडी माती आणि एक बी. शत्रूने गावातली झाडं तोडून टाकलेली. सॅम गावभर हिंडून रोपं लावतो आणि प्रत्येकाच्या मुळाशी त्या मातीचा एकेक कण ठेवतो. बी मात्र तो मैदानात लावतो, जिथलं जुनं झाड तोडलं होतं तिथे.

“बाई,” ती म्हणाली, “त्याने माती स्वतःच्या बागेपुरती ठेवली नाही.”